जमीन विकली, वाट कुणाची?

आमच्या नातेवाइकांत आणि गाववाल्यांत सध्या एकच वाद पेटलाय. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गाचं नाव निघालं की कातळालाही गिऱ्हाईक येतं. एक बाजू म्हणते, परक्यांनी कोकण गिळलं, विक्रीच बंद करा. दुसरी म्हणते, गावात राहतंय कोण, विकली तर बिघडलं काय? मेलबर्नला बसून हे ऐकताना मला दोन्ही बाजूंचा राग येतो. सगळं भांडण घेणारा कुठला यावर. विकलं नेमकं काय जातंय, हे कोणी विचारत नाही.

माझ्या मावसभावाने गुहागर तालुक्यात कातळाची जमीन घेतली. तो शेतकरी खातेदार, त्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणाऱ्या कूळ कायद्याच्या कलम 63 ची अडचण नव्हती. दलाल म्हणाला 'रोड टच', आणि गाडी थेट जागेपर्यंत नेऊन दाखवली. खरेदीखत झालं. चिऱ्यांचा पहिला डंपर आला तेव्हा शेजारचे काका आडवे उभे राहिले. ती वाट त्यांच्या हापूसच्या कलमांमधून जाते, दोन्ही बाजूंना गडगा म्हणजे दगडी बांध, मधे जेमतेम बैलगाडीपुरती जागा. दलालाने गाडी नेली ती एका ठिकाणी गडग्याचे दगड उतरवून. काका म्हणाले, "गाडीबैलाला आम्ही कधी अडवलं नाही. डंपरला वाट देणार नाही." मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. खरेदीखतात चतुःसीमेत 'पूर्वेस रस्ता' लिहिलंय, मोजणीच्या नकाशात पूर्वेला काकांचाच गट आहे.

त्यात फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायच्या नोंदीवर, हरकत आली. सातबारा सामाईक, हिस्से आणे-पैत, अर्धी नावं मयत माणसांची. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या आत्यांची वारस म्हणून नोंदच नाही. विकणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा सोळा आण्यांतले दोन आणे, आणि विकून बसला सगळा गट.

'रस्ता काय, तहसीलदार देतात' हे वाक्य कोकणात सर्रास ऐकू येतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात हे खरं, पण ती शेतात जाण्यासाठी. बंगल्याच्या नाहीतर रिसॉर्टच्या रस्त्यासाठी ते कलम नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 आहे, तो चालू वाट कोणी अडवली तर, आणि तिथे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षांच्या वहिवाटीचा हक्क मिळतो, पण जशी वहिवाट तसा हक्क. बैलगाडीच्या वाटेचा डंपररोड होत नाही. 'दुसरी वाटच नाही' म्हणून मागायचा हक्क दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या असतील तरच. राहिले ते दोन आणे. तेवढा हिस्सा घेणाऱ्याला मिळतो, मात्र कुठला तुकडा आपला हे ठरवायला वाटपाचा दावा लावावा लागतो. सातबारा हा महसुलाचा कागद, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाहीत. इतक्या पिढ्या जमिनीवरून कोर्टकचेऱ्या करणाऱ्या आपल्या माणसांना हे कोणी नीट सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, घर घेताना सही करण्याआधी विकणाऱ्याचं लेखी निवेदन हातात पडतं. 1962 च्या जमीन विक्री कायद्याचं कलम 32. जागेला रस्ता नसेल तर तसं त्यात लिहावंच लागतं. आमच्या मागच्या कुंपणालगत सांडपाण्याच्या पाइपसाठी राखलेला पट्टा आहे. त्याची रुंदीसुद्धा नकाशावर आखलेली होती. निवेदन खोटं निघालं तर ताबा घेण्याआधी सौदा मोडता येतो.

हे सांगितलं की भाऊ म्हणतात, मग तिकडची सरकारी हमीची मालकीच आणा ना. नीती आयोगाने 2020 मध्ये तशा कायद्याचा मसुदाही केला होता. इथे मात्र मी थांबतो. सरकारी नोंद हीच मालकी, ही पद्धत 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झाली, ती मूळ रहिवाशांचा हक्क जमेस न धरताच. तो हक्क इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला 1992 मध्ये. कोकणात खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करायची पद्धत, संपवणारा कायदा 1949 चा, तरी कसणाऱ्या कित्येक घरांची नावं अजून कागदावर नाहीत, बहिणींची तर नाहीतच. आज नोंदी पक्क्या केल्या तर आज जो कागदावर नाही तो कायमचा बाहेर पडेल.

म्हणून मला हमी नको, निवेदन हवं. खरेदीखतालाच विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं असावं: वाट कुठल्या गटातून जाते, तो गट कुणाचा, हक्क कशाने, रुंदी किती, आणि लेकीबाळींसकट वंशावळ. ते नसेल तर दस्त नोंदवूच नये. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचं राज्य सरकारने 2025 मध्ये ठरवलं, ते चांगलंच झालं. पण ती नोंद सौद्याच्या आधी दिसली पाहिजे.

परदेशातल्या आम्हा वारसांकडूनही हेच मागा. फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांमुळे आम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. त्यामुळे त्या सामाईक सातबाऱ्यांवर आमचीही नावं येतात, आणि गावाहून फोन येतो: मुखत्यारपत्र पाठव, बाकीचं आम्ही बघतो. मी उलट विचारतो, मोजणी झाली का, आत्याला कळवलं का, वाट कुणाच्या गटातून आहे? यात व्यवहार महिनोन्‌महिने लांबतो अशी तक्रार असते. लांबू दे. आमची आत्या लालबागला राहते, तिच्याकडे जाऊन तिला सगळं समजावून सांगायला एक दिवस पुरतो.