मधमाश्यांपुढे पुतळा होऊन उभं राहायचं नसतं

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीत मी ताईकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलेलं होतं, त्याला कुणाचा तरी चेंडू लागला आणि माश्या उठल्या. बाकीची पोरं जिन्यात पळाली. हा एकटा आवारात हात मांड्यांना चिकटवून, डोळे घट्ट मिटून उभा राहिला. वॉचमननं अंगावर चादर टाकून त्याला केबिनमध्ये ओढलं, तोवर अकरा काटे रुतले होते. मी खाली पोचलो तर रडत रडत पहिलं वाक्य हे, "मामा, मी जरासुद्धा हललो नाही, तरी चावल्या!"

हलायचं नाही हे त्याला ताईच्या मोबाइलवर आलेल्या एका मेसेजनं शिकवलं. तो मेसेज मला त्यानंतर आणखी तीन ग्रुपांवर दिसला, म्हणून हे लिहितोय. त्यात २००७ सालच्या ‘बी मूव्ही’ या अॅनिमेशनपटाचं कौतुक आहे. हा सिनेमा मुलांना दाखवाच, यात शंभर टक्के विज्ञान आहे, असं म्हणून खाली पाच मुद्दे दिलेत. एक, विज्ञानाच्या नियमांप्रमाणे मधमाशी उडूच शकत नाही, ती उडते आत्मविश्वासावर. दोन, मधमाश्यांनी काम थांबवलं की सगळी फुलं-झाडं सुकतात आणि चार वर्षांत माणूस संपतो, असं आइन्स्टाइन सांगून गेला आहे. तीन, पोळ्यातले शूर नर पराग आणतात. चार, मध काढणं म्हणजे चोरी. पाच, डंख मारला की माशी मरते, म्हणून ती फक्त घाबरलेल्यालाच चावते. थवा आला तर पुतळ्यासारखं उभं राहा, मुलांना हे शिकवा.

पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण त्यानंच माझ्या भाच्याला दवाखान्यात रात्र काढायला लावली.

हा सल्ला सिनेमातूनच उचललेला आहे. त्यात एक प्रसंग आहे: धावत्या गाडीत मधमाशी शिरते, आतलं कुटुंब किंचाळतं आणि कुणीतरी ओरडतं की हलू नका, म्हणजे ती चावणार नाही. गाडीत एकच माशी असते, आणि प्रसंग हसवण्यासाठी आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तो नियम म्हणून उचलला आणि आख्ख्या थव्याला लावला.

यातलं अर्धं खरं मान्य करावं लागेल. फुलावरची, खिडकीतून आत आलेली एकटीदुकटी माशी असेल तर हात झटकू नयेत, शांत राहावं, हे बरोबर आहे. ती माशी खायला-प्यायला हिंडत असते, तिला तुमच्याशी देणंघेणं नसतं. पण मोहोळ उठल्यावर येणाऱ्या माश्या घर राखायला आलेल्या असतात. तुम्ही घाबरलात की नाही हे त्या बघत नाहीत.

माझ्याकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या पेट्या आहेत, मला डंख नवे नाहीत. तरी त्या दिवशी केबिनच्या दिव्याखाली त्याच्या डाव्या कानावर जे पाहिलं ते विसरणार नाही. काट्यामागे मोहरीएवढी पांढरट पिशवी होती, माशी केव्हाच गेलेली होती आणि पिशवी एकटीच धडधडत होती. आकसायची, फुगायची. कामकरी माशीच्या नांगीला उलटे आकडे असतात. माणसाच्या लवचीक कातडीत ते अडकतात आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट नांगी तिच्या पोटातून उपटून निघते. म्हणून ती मरते. पण मागे राहिलेली पिशवी विष ढकलतच राहते. काटा नखानं खरवडून काढा नाहीतर चिमटीनं, पद्धतीनं फारसा फरक पडत नाही. किती पटकन काढलात यानं पडतो.

दुसरी गोष्ट नाकाला कळली. त्या केबिनमध्ये पिकलेल्या केळ्यासारखा वास येत होता. माशी डंखताना आयसोपेंटिल अॅसिटेट नावाचं द्रव्य सोडते. बाकीच्या माश्यांना तो निरोप असतो की शत्रू इथे आहे, इथेच या. म्हणजे पहिला डंख बसल्यावर तुम्ही स्थिर उभे राहिलात की तुमच्या अंगावर निशाणी लागलेली असते आणि तुम्ही तिथेच थांबलेले असता. भाच्याच्या बाबतीत अगदी हेच झालं. पहिला डंख कानावर बसला, त्यानंतरचे बहुतेक त्याच कानामागे आणि मानेवर.

आणि आग्या म्हणजे सिनेमातली गोंडस, गप्पा मारणारी माशी नाही. ती आपल्याकडच्या मधमाश्यांतली सर्वांत मोठी. उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते, कड्याला, उंच झाडाला, आता इमारतींच्या सज्जांना आणि टाक्यांना. सह्याद्रीतल्या गडांवर ट्रेकर्सवर होणारे हल्ले तिचेच. शेकड्यांनी डंख बसले की धडधाकट माणूसही दगावतो, आणि ज्याला अॅलर्जी आहे त्याला एक डंखसुद्धा पुरतो. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर चुना-हळद करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. "शांत राहिलास तर चावणार नाहीत" हे लहान मुलाला सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. मग त्याला डंख बसले तर तो समजतो चूक आपलीच, आपणच घाबरलो असणार. माझ्या भाच्यानं मला त्या रात्री दोनदा तेच विचारलं.

आता उडण्याचा मुद्दा. सिनेमा याच वाक्यानं सुरू होतो, त्यामुळे लोकांना ते शास्त्रज्ञांचं मत वाटतं. मूळ कुठे आहे ते सांगतो. १९३४ साली आंत्वान मान्यां या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं कीटकांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. विमानाच्या पंखांचं गणित कीटकांना लावून पाहिलं तर त्यांचं उडणं अशक्य ठरतं, असं त्यानं त्यात नोंदवलं. विमानाचे पंख ताठ आणि स्थिर असतात. त्या गणितातून सिद्ध काय होतं? पंख न हलवणारी माशी उडणार नाही, इतकंच. पंख न हलवणारी माशी कुणी पाहिली आहे?

आणि माशी नेमकी कशी उडते हेही मोजून झालेलं आहे. डग्लस आल्टशुलर, मायकेल डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००५ च्या अखेरीला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला, म्हणजे सिनेमाच्या दोन वर्षं आधी. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं माश्यांचं चित्रण केलं. पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतो आणि एका फटक्यात साधारण ९० अंशांचीच कमान घेतो. बऱ्याच कीटकांची कमान याहून खूप मोठी असते. मधमाशी छोट्या पण फार जलद फटक्यांवर तरंगते, आणि दर फटक्याच्या टोकाला पंख उलटा फिरवताना तिला जास्तीची उचल मिळते. त्यांनी पंखाची मोठी यांत्रिक प्रतिकृती करून तिच्यावर पडणारे जोर मोजले. मग माश्यांना प्राणवायू आणि हेलियमच्या विरळ मिश्रणात उडवलं, जिथे तरंगणं अवघड जातं. माश्यांनी फटक्यांचा वेग जवळपास तोच ठेवला आणि कमान रुंद केली. मकरंदानं पोट भरलंय, पायांवर परागाचे गोळे आहेत आणि तरी ती घरी पोचते, ती याच जास्तीच्या ताकदीवर.

मला राग येतो तो इथे. ही इतकी सुंदर गोष्ट मुलाला सांगता आली असती. त्याऐवजी त्याला सांगितलं जातं की शास्त्रज्ञ हरले आणि आत्मविश्वास जिंकला. माशी उडते त्यात तिचे स्नायू आहेत, पंखाचा कोन आहे, आणि माणसांनी ते चिकाटीनं शोधून काढलं आहे.

फुलं सुकण्याचं आता. सिनेमात मधमाश्या माणसांवर खटला भरून जिंकतात, सगळा मध परत मिळतो, त्या काम थांबवतात आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली फुलं-झाडं करपून जातात. मग कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहराच्या गुलाबांच्या मिरवणुकीतली फुलं विमानानं आणून, त्यांचे पराग सगळीकडे शिंपडून बाग हिरवी करतात. गुलाबाच्या परागानं दुसऱ्या जातीचं झाड फळत नाही. आणि परागीभवन झालं नाही म्हणून फूल सुकतही नाही. उलट अनेक जातींत परागीभवन झाल्यावर पाकळ्या लवकर गळतात. परागीभवन न झालेली ऑर्किडची फुलं जास्त दिवस टिकतात. माश्या नसल्यावर खरोखर काय होतं ते बघायचं असेल तर परसातला दुधी बघा. मादी फुलामागे बोटाच्या पेरापेक्षाही लहान दुधी आधीच असतो. पराग पोचला नाही तर तो पिवळा पडतो, टोकाकडून मऊ होतो आणि गळतो. वेल हिरवीगार राहते. नुकसान होतं ते फळाचं आणि बियाण्याचं.

शिवाय ज्या मधमाशीचा हा सिनेमा आहे ती अमेरिकेची नव्हेच. सतराव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ती तिकडे नेली. त्याआधी तिथली फुलं तिथल्याच भुंग्यांवर आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांवर फुलत-फळत होती.

आइन्स्टाइनचं वाक्य त्याच्या लेखनात कुठेही सापडलेलं नाही. तो १९५५ साली गेला. हे वाक्य गाजलं ते १९९४ मध्ये, ब्रसेल्समध्ये मधपाळांनी केलेल्या निदर्शनांच्या पत्रकांतून. गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका यांना मधमाशी लागत नाही, त्यांचं काम वाऱ्यावर किंवा स्वपरागीभवनावर होतं. तरी मधमाश्यांचं महत्त्व मी कमी करत नाही. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांच्या आढाव्यात ८७ पिकांना परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांची मदत लागते असं २००७ मध्येच दिसलं होतं. सूर्यफूल, कांद्याचं बी, काकडी, भोपळा, सफरचंद, बदाम, सगळ्यांवर आच येईल. एवढं खरं पुरेसं आहे, आइन्स्टाइनचं नाव चिकटवायची गरज नाही.

नरांबद्दल दोन ओळी. पराग आणि मकरंद आणणाऱ्या, राखण करणाऱ्या, डंख मारणाऱ्या सगळ्या माद्या असतात. नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला भाग आहे, त्यामुळे नराला ती नसतेच. सिनेमातला नायक नर आहे आणि त्याला नांगी आहे. त्यातला रक्त पिणारा डासही नर आहे; खऱ्या जगात चावते ती डासाची मादी.

मधचोरीचा मुद्दा मात्र मी पूर्ण झटकणार नाही. रात्री मशाल लावून आग्याचं पोळं जाळायचं, अंड्यापिल्लांसकट पिळायचं, ही पद्धत क्रूर आहे आणि अजून चालते. पण पेटीत खालची कोठी अंड्यापिल्लांची, वरची मधाची. आम्ही वरच्या चौकटी काढून यंत्रात फिरवतो, मध निघतो, मेणाची घरं शाबूत परत ठेवतो आणि पावसाळ्यापुरता साठा त्यांच्यासाठी सोडतो. मध काढताना आम्ही देतो तो धूर हा विषारी वायू नाही. धुरानं तो धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरून घेऊन नरमतात. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं, ते अशाच पेट्यांच्या जोरावर.

सिनेमा मुलांना दाखवा, माझी ना नाही. भाच्यानं परवा पुन्हा पाहिला. ताईनं मात्र त्या ग्रुपवर मेसेजच्या खालीच लिहिलं: माश्या उठल्या तर पळा, नाक-तोंड आणि डोळे झाका, खोलीत किंवा गाडीत शिरून दार लावा, थांबून हात झटकत बसू नका. त्यावर एका काकांनी विचारलं, "गडावर असलो आणि जवळ पाण्याचं टाकं असलं, तर त्यात उडी मारायची का?" नाही. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि श्वास घ्यायला तोंड वर आलं की तिथे डसतात. पळतच राहायचं, दूरपर्यंत, पाठलाग थांबेपर्यंत.