स्वस्तात दिलंय, मग बिल कशाला?

उल्हासनगरच्या बाजारात चार-साडेचार हजारांचे कपडे घ्या आणि बिल मागा. गल्ल्यावरचा माणूस आधी ऐकूच आलं नाही असं दाखवतो. दुसऱ्यांदा मागितलं की म्हणतो, ‘इतना सस्ता दिया, अब बिल काहे का?’ तिसऱ्यांदा मागितलं तर कपड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर चार आकडे, खाली रेघ आणि बेरीज. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, माल कोणता ते नाही. आणि डोक्यावर पाटी लटकते : ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’.

संताप येतो तो याचाच. स्वस्त मिळतं याबद्दल तक्रारच नाही. पण त्या बाजारात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर तयार असतं, स्वस्त आहे ना, मग चालवून घ्या. बिल नाही, चालवून घ्या. माप कमी, चालवून घ्या. घालून बघायला जागा नाही, चालवून घ्या. का म्हणून? स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. आपण मोजून पैसे देतो.

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकू, म्हणजे कोणी तो ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, शिळा विनोद घेऊन येणार नाही. हे गाव फसवणुकीवर उभं राहिलेलं नाही. फाळणीत सगळं सोडून आलेल्या सिंधी माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत टाकलं गेलं. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि भागांची नावं आजही कॅम्प एक ते पाच अशीच आहेत. लोकलच्या डब्यांतून पापड-लोणची विकत या लोकांनी हा बाजार उभा केला. इथे माल स्वस्त पडतो कारण तो जवळच शिवला जातो, दुकानदार थोड्या नफ्यावर भरपूर विकतो आणि मॉलचं भाडं आपल्या डोक्यावर बसत नाही. ही स्वस्ताई खरी आहे. म्हणून तर बिल न देण्याची लबाडी जास्त खुपते. तिची गरजच नाही!

कायदा काय म्हणतो ते पाठ करून जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ (४७). विकलेल्या मालाचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणजे भिंतीवरची ती पाटी सदोष मालाला लागूच होत नाही, ती कितीही मोठ्या अक्षरांत रंगवा. मात्र ‘घरी जाऊन रंग आवडला नाही’ हा दोष धरला जात नाही, तिथे दुकानदाराशी भांडू नका. उसवलेली शिवण, फुटलेलं कापड, पहिल्या धुण्यात उतरलेला रंग, सांगितलं सुती आणि निघालं पॉलिएस्टर, हे सगळं दोषात येतं.

मग दुसरी पळवाट निघते. ‘बिल पाहिजे तर जीएसटी वरून लागेल.’ ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर ५ टक्के कर आहे. आठशेच्या कुर्त्यावर चाळीस रुपये होतात. दुकान नोंदणीकृत असेल तर भाव सांगतानाच करासकट सांगायला काय जातं? आणि कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. नोंदणीच नसेल तरी साधी छापील पावती द्यायला कोणी हात धरलेला नाही. म्हणून घासाघीस सुरू करण्याआधीच विचारायचं, ‘भाव बिलासकट सांगा.’ भाव ठरल्यावर बिलाचं नाव काढलं की दुकानदार भाव फिरवतो, आणि तोवर आपण थकलेले असतो. त्याला ते पक्कं ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त भरडले जातात ते लग्नाचा बस्ता बांधायला आलेले. नगर, नाशिक, रायगड, कुठून कुठून गाड्या करून माणसं येतात. कॅम्प दोनच्या नेहरू चौकाकडे गजानन मार्केट, पुढे कापडासाठी जपानी बाजार. मानपानाच्या तीस-चाळीस साड्या घ्यायच्या असतात. होलसेल भाव सांगतात तो सेटचा, म्हणजे सहा किंवा आठ साड्यांचा गठ्ठा, एकच डिझाइन, रंग वेगवेगळे. वरची साडी उलगडून दाखवतात. खालच्या कोणी उघडत नाही. घरी गेल्यावर कळतं की चौथीचा पदर आखूड आहे आणि सहावीला ब्लाउजपीसच नाही. साडी साडेपाच मीटर आणि वर ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, मिळून सहा मीटर तीस सेंटिमीटर, हा हिशेब आहे. स्वस्त मालात साडी सव्वापाचवर येते आणि त्यातूनच ब्लाउज कापायला सांगतात. रुंदीही बघा. ४४-४५ इंच लागते. ४१-४२ इंची साडी उंच बाईच्या घोट्याच्या वर राहते, मग फॉल लावून काय उपयोग? गठ्ठ्यातली प्रत्येक साडी काउंटरवर उलगडून मोजून घ्या. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. आहेर त्याच्या नावाने जाणार नाही, आपल्या नावाने जाणार आहे.

मीटरने कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय भावाचं बोलूच नका. ही चूक भलेभले करतात. एका दुकानात १२० रुपये मीटर, शेजारी १७०. माणूस १२० कडे धावतो. पण पहिल्याचा पन्हा ३६ इंच आणि दुसऱ्याचा ५८. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची कापड अडीच मीटर लागतं, म्हणजे तीनशे रुपये. ५८ इंची १ मीटर ६० सेंटिमीटरमध्ये बसतं, दोनशे बहात्तर. स्वस्त कोणतं झालं? आणि मोजताना त्याच्या हाताकडे बघा, तोंडाकडे नाही. लवचीक कापड, लायक्रा किंवा होजिअरी, पट्टीवर ताणून धरलं की मीटरमागे दोन-चार बोटं सहज खातात. कापड आधी टेबलावर सैल सोडायला लावा, मग पट्टी ठेवू दे. लोखंडी मोजपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तो आहे का बघा. सुती किंवा रेयॉन असेल तर आटणार हे धरून मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर जास्त घ्या. ‘प्युअर कॉटन’ म्हणून कोणी छातीवर हात ठेवला तर कडेचे दोन धागे ओढून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून टोकाला टणक काळा मणी धरतं. मिक्स असेल तर दोन्ही दिसतं. एवढी साधी परीक्षा आहे, पण धागा मागितला तरी काहींना राग येतो. खरा माल असेल तर राग यायचं कारण काय?

जीन्सचं गणित वेगळं, आणि त्याची चीड आणखी वेगळी. हे सगळं कॅम्प पाचच्या बाजूला, रुळांच्या पूर्वेला. तिथे ३२ नंबरची चिठ्ठी आणि ३२ इंच कंबर यांचा संबंध असेलच असं नाही. एकाच गठ्ठ्यातल्या दोन ३२ नंबरच्या जीन्समध्ये दीड इंचाचा फरक निघतो, कारण कापताना थरावर थर रचून कापतात, वरचा आणि खालचा थर सरकतो. वर धुलाईत आटण्याचं प्रमाण वेगळं. आणि घालून बघायला कोपऱ्यातला एक पडदा, तोही अर्धा फाटका, बाईमाणसाने तिथे जावं कसं? म्हणून टेप खिशात ठेवा. घरची अंगाला बसणारी जीन्स आधी मोजून आकडे लिहून घ्या, कंबर, मांडी, आतली लांबी. दुकानात बटण लावून जीन्स सपाट ठेवा, कमरेची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा.

मग पाय बघा. जीन्स टेबलावर सपाट पसरा आणि बाजूची शिवण गुडघ्याखाली कुठे जाते ते बघा. ती कडेने सरळ खाली उतरली पाहिजे. पुढच्या बाजूला वळत नडगीवर येत असेल तर ते डेनिम तिरकं कापलेलं आहे. डेनिमची वीणच तिरकी असते, कापताना धागा सरळ धरला नाही की प्रत्येक धुण्यात पाय आणखी पिळतो. इस्त्री करा, ओढा, काही करा, सरळ होत नाही. अशी जीन्स दीडशेला मिळाली तरी सोडा. चेन दहा वेळा खालीवर करा. ओला रुमाल मांडीवर घासून बघा, निळा झाला तर सोफ्याचीही तीच गत होणार. आणि हो, या स्वस्त धुलाईचे पैसे वालधुनी नदीने भरलेत. जीन्स धुण्याचं रसायनांचं पाणी तिच्यात सोडून तिचा नाला करून टाकला.

खाण्याकडे येऊ. दाल पकवान खायला म्हणून खास यावं असं हे गाव, यात शंका नाही. पण लोक खरेदी उरकून दुपारी दोनला गाडीवर जातात आणि मग म्हणतात काही खास नाही. अहो, ती न्याहरी आहे! सकाळी आठ-नऊला खायची. मैद्यात तेलाचं मोहन, जिरं, ओवा, पातळ लाटून टोचे मारायचे म्हणजे फुगत नाही, आणि मंद आचेवर तळायचं. ताज्या पकवानाचा तुकडा मोडला की आवाज येतो. वर दाणा न मोडलेली हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कांदा. दुपारी मिळतं ते सकाळचं सादळलेलं पकवान आणि तळाशी लागलेली, पाणी घालून पुन्हा उकळलेली डाळ. पैसे मात्र तेवढेच. घरी न्यायला सांगितलं तर रागच येईल असा प्रकार : कढत डाळीची पातळ प्लास्टिक पिशवी आणि पकवान एकाच पिशवीत, वाफेने दहा मिनिटांत पापुद्रा वातड. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी हे. डबा घेऊन जा, डाळ त्यात घ्या, पकवान वेगळं कागदी पिशवीत, वर्तमानपत्रात नको, छपाईची शाई तेलात उतरते. कढईतलं तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर दुसरी गाडी बघा. प्लेटा एकाच बादलीत बुचकळून काढत असतील तरी तेच.

आता जाणं-येणं. रविवारी सुट्टी म्हणून रविवारी निघतात, आणि रविवारीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. निघण्याआधी तो कुठे आहे ते बघाच. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली यांपैकी गाडी हवी. टिटवाळा, आसनगाव, कसारा गाडीत बसलात तर उल्हासनगर लागतच नाही. ती शहाडला नेते, कॅम्प एकसाठी ते ठीक. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्गिका, त्यावरूनच पुण्याच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चाललंय ते चाललंयच. एक गाडी अडकली की मागे सगळ्या उभ्या, आणि आपण हातात आठ पिशव्या घेऊन फलाटावर. स्टेशनबाहेर रिक्षाला मीटर असतो, पण टाका म्हटलं की रिक्षावाला तोंड फिरवतो. शेअर रिक्षात मागे तीन आणि चौथा चालकाच्या मांडीला मांडी लावून. हे बेकायदा आहे आणि रोज चाललंय.

आणि सगळ्यात मोठा राग शेवटी, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. या बाजारात खरेदी करणाऱ्या बहुतेक बाया आहेत. सकाळी घर सोडतात, संध्याकाळी परततात, लेकरं बरोबर. पूर्ण बाजारात एक स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह शोधायला निघा. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात, लग्नसराईत, त्या गल्ल्यांमध्ये सहा-सहा तास, पाण्याची बाटली पर्समध्ये भरलेली तशीच परत. लाखोंची उलाढाल करणाऱ्या बाजारपेठेला आणि कर गोळा करणाऱ्यांना एवढं उभारता येत नाही? बस्त्याच्या दुकानात पन्नास हजारांची खरेदी झाली की कोल्ड्रिंक मागवतात. शेठ, कोल्ड्रिंक नको. आतल्या संडासाची किल्ली द्या, आणि बिल.

बिल नाहीच दिलं तर पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या, म्हणजे तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव तरी फोनमध्ये राहतं. दुकानाच्या पाटीचा आणि त्या पुठ्ठ्यावरच्या बेरजेचा फोटो काढा. माल सदोष निघाला तर ३० दिवसांच्या आत परत न्या, नकार दिला तर तिथेच उभं राहून १९१५ लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.