मेहुणा बेंचवर

रविवारी सकाळी साडेआठ वाजता गंगापूर रोडवर मिसळीच्या एका टेबलाशी आम्ही चौघं बसतो आणि जगातल्या कुठल्याही फुटबॉल संघाची निवड करून देतो. मोबदला काही नाही. तर्री वेगळ्या वाटीत आणि पाव गरम असला की झालं.

पद्धत ठरलेली आहे. कांद्याची बशी बाजूला सारायची आणि लिंबाच्या फोडी मांडायच्या. चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. गोलकीपर पापड, कारण तोही हात लागला की मोडतो. मग आदल्या रात्री कुठल्या प्रशिक्षकानं कुठे माती खाल्ली ते फोडी सरकवून सिद्ध करायचं. मध्यंतरी चर्चा ऐन रंगात आली असताना आर्सेनल या इंग्लिश क्लबचे भक्त असलेल्या आमच्या आर्सेनलकाकांनी बोलता बोलता मागच्या फळीतला उजवा बॅक उचलला आणि रश्श्यात पिळला. आमचा मँचेस्टर युनायटेडवाला म्हणाला, "जाऊ द्या काका, तो तसाही एकदा वर गेला की परत येत नव्हता."

काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. आर्सेनलचा 2003-04 चा मोसम, 38 सामने, 26 जिंकले, 12 बरोबरीत, हार शून्य, हे त्यांना स्वतःच्या पेन्शनच्या आकड्यापेक्षा पक्कं पाठ आहे. युनायटेडवाला सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी बघतो. त्याच्या संघाला 2013 नंतर इंग्लंडची लीग मिळालेली नाही, त्यामुळे तो बोलतो कमी आणि तर्री जास्त मागवतो. चौथा माझा मेहुणा. त्याच्याकडे येतोच.

माझी ख्याती धाडसी निवडीची. ती मिळाली कतारच्या वर्ल्ड कपमध्ये. 6 डिसेंबर 2022, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, बाहेर नाशिकची थंडी, अंगावर गोधडी. स्वित्झर्लंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पोर्तुगालचे प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी 37 वर्षांच्या रोनाल्डोला चक्क बाकावर बसवलं आणि 21 वर्षांच्या गोन्सालो रामोसला उतरवलं. पोरानं तीन गोल मारले, पोर्तुगाल 6-1 नं जिंकलं. बुधवारी दिवसभर मी ग्रुपवर एकच घोषा लावला होता: खेळवायचं ते फॉर्म बघून, नाव बघून नाही. शनिवारी त्याच पोर्तुगालला मोरोक्कोनं 1-0 नं घरी पाठवलं. रोनाल्डो तेव्हाही सुरुवातीला बाकावरच होता. रविवारी मिसळ खाताना मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या माणसाला असं बसवतात का कधी?"

आमच्या गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन तोंडं आहेत. पूर किती चढला हे नाशिककर त्याच्या अंगावरून मोजतात. मला आपलं वाटतं, पूर्वी तोही फुटबॉल बघत असणार.

दुर्दैवानं लोकांच्या लक्षात राहिला तो माझा बुधवार. त्यामुळे आमच्या टर्फच्या, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम गवतावर खेळणाऱ्या, संघाला मॅनेजर हवा होता तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझा गुडघा गेलेला आहे आणि मला एक्सेल येतं, ही आणखी दोन कारणं. संघ सात-सात जणांचा, वेळ रात्री दहा ते अकरा, भाडं सगळ्यांत वाटून. घरी आल्यावर बुटातून निघणारे रबराचे काळे दाणे मात्र कोणी वाटून घेत नाही. ते आठवडाभर बाथरूममध्ये सापडतात आणि त्याबद्दल मी ऐकून घेतो.

आता मेहुणा. वय छत्तीस, खेळतो स्ट्रायकर, सहा सामन्यांत गोल नाही. यातला निम्मा दोष आमचा आहे. त्यानं एकदा मोकळ्या गोलसमोर चेंडू जाळीवरून रस्त्यावर मारला होता. पोरांनी त्याची रील केली, मागे सनईचं रडकं संगीत लावलं, आणि ती फिरत फिरत बायकोच्या भिशीच्या ग्रुपपर्यंत पोचली. मीही खाली हसून हसून रडणारी तीन तोंडं टाकली होती. याच मिसळीच्या टेबलावर 2021 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलनंतर आम्ही हळहळलो होतो. इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि अवघा 19 वर्षांचा साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि लोकांनी त्यांच्या रंगावरून इंटरनेटवर नको नको ते लिहिलं. "लोकांना मन नाही का?" असं विचारणारा मीच. आमच्या रीलमध्ये असलं काही नव्हतं हे खरं. पण तेव्हापासून मेहुण्याच्या पायाशी चेंडू आला की तो आधी जाळीला बांधलेल्या मोबाइलकडे बघतो, मग गोलकडे. तोवर चेंडू गेलेला असतो.

इंदिरानगरच्या संघाशी सामना ठरला आणि मी त्याला बसवलं. त्याच्या जागी घेतला इंजिनीअरिंगचा एक पोरगा, जो धावताना चप्पल घातल्यासारखा आवाज करतो पण पोचतो वेळेवर. मोठे क्लब टाकतात तशी तासभर आधी यादी ग्रुपवर टाकली. मेहुण्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नऊ मिनिटांनी आलं. नुसता अंगठा.

शिवी परवडली असती. अंगठ्यावर काय बोलणार?

पाठोपाठ त्याचा फोन. "दाजी, भारताचा सुनील छेत्री 2024 मध्ये निवृत्त झाला, 2025 मध्ये चाळिशीत परत आला आणि मालदीवविरुद्ध गोल मारला. मी छत्तीसचा आहे."

"अरे, पण तू छेत्री नाहीस."

ही चूक झाली. मी बूट घालेपर्यंत बातमी नाशिकरोडला सासूबाईंकडे पोचली होती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर न येताच म्हणाली, "अहो, बाहेर बसवायला माझाच भाऊ सापडला का?" पाठोपाठ सासूबाईंचं स्टेटस आलं. गुलाबाचं फूल, त्यावर दव आणि खाली मजकूर: 'आपली माणसं कोण, हे वेळ आल्यावर कळतं.' रोनाल्डो बसला तेव्हा त्याच्या जोडीदारीण जॉर्जिनाबाईंनीही इन्स्टाग्रामवर नाराजी मांडली होती. पण सांतोस यांना त्यांच्याकडे दिवाळीला जेवायला जायचं नव्हतं.

सामना आम्ही 5-2 नं जिंकलो. पोरानं दोन गोल मारले. मेहुण्यानं बाकावर बसून दोन्हींना टाळ्या वाजवल्या, तळहात एकमेकांना लागणार नाहीत अशा बेतानं. घरी आलो तर ताट झाकून ठेवलेलं होतं. भाकरी होती, भाजी होती, ठेचा नव्हता. लग्नाला अकरा वर्षं झाली, ठेचा नसण्याचा अर्थ मला कळतो. सांतोस यांनी 2016 चा युरो जिंकून दिला होता, तरी 6-1 नंतर नवव्या दिवशी, 15 डिसेंबरला, त्यांचं पद गेलं. माझं जात नव्हतं हीच तर अडचण होती. राजीनामा दिला तर "मेहुण्यापायी सोडलं" म्हणणार, नाही दिला तर ठेचा नाही.

मग मी एक सुधारणा केली. यादी आता आदल्या रात्री स्वयंपाकघरात ठेवतो, ग्रुपवर नंतर जाते. परवा बायकोनं चष्मा लावून कागद घेतला. गोलकीपरच्या नावावर बोट ठेवलं. "हा का?"

"हात बरे आहेत."

"राहू दे. याची बायको भिशीत आहे." मग पुढे सरकली. "या दोघांना एका बाजूला ठेवू नका. दोघंही ओरडतात, मागे कोणी जात नाही." मी गप्प. गेली चार वर्षं मी लिंबं सरकवतोय, हे मला दिसलं नव्हतं.

शेवटी मेहुण्याचं नाव आलं. मी स्वतःहूनच ते वर घेतलं होतं, पहिल्या सातांत. तिनं पेन मागितलं, नावावर सरळ रेघ ओढली.

"अगं, अगं!"

"सगळ्या रील बघितल्या मी. चेंडू सोडून कॅमेऱ्यात बघतो. बसू दे अजून दोन सामने." कागद परत माझ्या हातात दिला आणि कुकरकडे वळली. "आईला मात्र तुम्ही सांगा."