लहरी दांडा

अकरा वर्षं ज्या सोसायटीत राहते, तिच्याच फाटकावर परवा मला विचारण्यात आलं, "कोणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

कोथरूडात धो धो पाऊस, स्कूटरच्या हुकाला इडलीच्या पिठाची पिशवी, रेनकोटच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळ आणि समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा. गाडीवरचा स्टिकर वाचून हा दांडा आपोआप वर जातो. म्हणजे इतरांसाठी जातो. पूर्वी मी बाजूच्या फटीतून निघून जायचे. तिथे आता कमिटीने सिमेंटची कुंडी ठेवली आहे. कुंडीत झाड नाही. माझ्यासाठीच ठेवली असणार.

इतक्यात बी विंगमधले काका आले. जेवणानंतरची शतपावली त्यांनी पावसासाठी कधी चुकवलेली नाही. एका हातात भली मोठी काळी छत्री, सदऱ्याच्या खिशात कुजबुजणारा ट्रान्झिस्टर.

"थांबा वहिनी, हलू नका," म्हणत ते छत्री पुढे धरून लगबगीने आले. मला बरं वाटलं. मी मान जरा त्यांच्या बाजूला कलती केली. काका मला ओलांडून पुढे गेले आणि खांबावरच्या त्या स्टिकर वाचणाऱ्या पांढऱ्या डब्यावर त्यांनी छत्री धरली.

"यंत्र भिजतंय हो!"

मी मान सरळ केली.

"पाणी रेडिओच्या लहरी खातं," काका म्हणाले. "आता बघा कसा उघडतो."

उघडला नाही.

"दिसत नाही म्हणून लहर नाही असं समजू नका. मॅक्सवेलने 1865 साली गणितात मांडून ठेवलंय. हर्ट्झने पुढे वीसेक वर्षांनी प्रयोग करून दाखवलं. प्रकाश काय, क्ष-किरण काय, तुमचा मायक्रोवेव्ह काय, एका घरातली भावंडं. फरक काय तो लांबीचा." त्यांनी खिशातला ट्रान्झिस्टर काढला. "हे आपलं पुणे केंद्र. 792 किलोहर्ट्झ. एकेक लहर पावणेचारशे मीटर लांब!"

"आणि ह्या डब्याची?" मी विचारलं. हे मी का विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"ही 866 मेगाहर्ट्झच्या आसपासची. म्हणजे दीड वीत." ट्रान्झिस्टर खिशात टाकून त्यांनी छत्रीच्या दांड्यावर वीत मोजून दाखवली. पहिली पूर्ण वीत मोजेपर्यंत ठीक होतं. पुढच्या अर्ध्या वितीला छत्री कलली आणि तिच्यावरचं सगळं पाणी माझ्या कॉलरमध्ये गेलं. यंत्र कोरडं राहिलं.

"सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते ही लहर, वहिनी."

"काका, मला चार फूट जायचंय."

मग कवायत सुरू झाली. पुढे घ्या. जरा मागे. तिरकी नको, देवासमोर उभं राहतो तशी समोरासमोर येऊ द्या. आता हेडलाइट बंद करा. (हेडलाइटचा काय संबंध? पण मी केला.) वॉचमन केबिनमधून हे सगळं बघत होता. नवा मुलगा आहे, बिचाऱ्याला दोन आठवडे झालेत. त्याच्या आधीच्या मामांना प्रत्येक बिऱ्हाड पाठ होतं. माझ्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की ते उठून साखळी सोडायचे, आणि कोथिंबीर कितीला मिळाली हेही विचारायचे. कमिटीने मामांना काढलं, कारण 'सिस्टीम' आली. सिस्टीमसाठी प्रत्येक फ्लॅटकडून जादा पैसे घेतले आणि वर स्टिकरचे दीडशे वेगळे. मी दिले. माझी ओळख पटू नये म्हणून मी रोख दीडशे रुपये मोजलेत, पावती आहे माझ्याकडे.

शेवटी काकांनी वाकून स्कूटरच्या पुढच्या भागावर बोटांनी टकटक केलं. टणटण वाजलं.

"पत्र्याची बॉडी?"

"अस्सल!" त्या अवस्थेतही मला अभिमान आवरला नाही. "आता सगळ्या प्लास्टिकच्या येतात."

"तेच नडलं."

काकांचं बरोबर होतं, आणि हे मला आजही सहन होत नाही. ह्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. खांबावरचा डबा लहरी सोडत असतो, त्यातल्याच चार चिमटी ऊर्जेवर स्टिकरमधली चिप जागी होते आणि त्याच लहरीवर आपला नंबर परत पाठवते. आमचे एक नातेवाईक असेच आहेत, समोरच्याने चहा सांगितला की बोलू लागतात. पण स्टिकर थेट पत्र्यावर चिकटवला, तर लहर पत्र्यावर आपटून उलटी फिरते आणि येणारी नि परतणारी एकमेकींना तिथेच खाऊन टाकतात. चिपच्या वाट्याला काही उरत नाही. पत्र्यासाठी वेगळा, खाली जाड थर असलेला स्टिकर मिळतो. हे स्टिकर लावायला आलेल्या मुलाला माहीत असायला हरकत नव्हती. त्याने माझी गाडी रुमालाने स्वच्छ पुसून, अगदी प्रेमाने, तो पत्र्यावरच लावला.

नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, ते मला तिथे भिजत असताना आठवलं. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यांतल्या काही तर पार लांब लांब शेतांमध्ये. तिथे आम्हाला मोबाइल बंद करायला लावले होते, कारण आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण की आपल्या खिशातला फोन त्यांच्यापुढे म्हणजे लग्नाचा बँड. त्याच दुर्बिणीने टिपलेली एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर 2023 साली पेपरात आली होती. निघाली तेव्हा 21 सेंटीमीटरची होती, विश्व पसरत गेलं तशी ताणून 48 ची झाली. म्हणजे माझ्या फाटकाच्या लहरीपेक्षा फार मोठी नव्हे. 880 कोटी वर्षं प्रवास करून आली, आणि पुणे जिल्ह्यात तिची ओळख पटली. तिच्यावर स्टिकरही नव्हता.

"मॅडम, ॲपवरून विचारू का?" वॉचमन म्हणाला. त्याने मोबाइलवर माझा फोटो काढला आणि आमच्याच फ्लॅटला पाठवला. घरी नवरा होता. दिवाणखान्यात, कोरडा. आम्ही तिघं त्या मोबाइलकडे बघत उभे राहिलो. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं.

वॉचमन चाचरला. "मॅडम... फ्लॅटवरनं नको म्हणतात."

"बघा!" काका उत्साहाने म्हणाले. "ही लहर कशी बरोबर पोचली!"

(नवऱ्याचं म्हणणं असं की फोटोत हेल्मेट होतं, आणि वॉटर प्युरिफायरवाल्या बाई गेल्या आठवड्यापासून येत आहेत.)

शेवटी मागून सी विंगची मोटार आली. तिला बघून दांडा लगेच अदबीने वर गेला आणि मी तिच्या बंपरला चिकटून, चोरासारखी, स्वतःच्या घरी शिरले. रजिस्टरमध्ये मात्र माझी नोंद आहे. 'कोणाकडे' समोर 'स्वतः', 'कामाचे स्वरूप' समोर 'राहणे'. 'बाहेर पडण्याची वेळ' रिकामी आहे, ती भरून द्या म्हणून वॉचमन रोज आठवण करतो.

मराठीत वाऱ्याची लहर, रेडिओची लहर आणि माणसाची लहर एकच, तेव्हा फाटकाला लहरी म्हटलं तर व्याकरणदृष्ट्याही कमिटीला हरकत घेता येणार नाही. तसं पत्र मी लिहून ठेवलंय. नवा स्टिकर अजून आलेला नाही.

यंत्राची सोय मात्र झाली. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपली जुनी छत्री सुतळीने त्या डब्यावर बांधली, चांगली खाली ओढून, समोरून झाकेल अशी. छत्रीच्या काड्या भक्कम स्टीलच्या आहेत. कालपासून मोटारींनाही दांडा उघडत नाही म्हणे. कंपनीचा माणूस दोनदा येऊन, आतली वायर बदलून गेला.

मी अजून कोणाला काही बोललेली नाही.