रिव्ह्यूत रिव्ह्यू नाहीत

कालपासून डोकं ठणकतंय. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मानसशास्त्राची पाच नियतकालिकं निवडायची, एवढंच मज ग्रंथपालाचं काम होतं. विभागाच्या सरांनी सतरा नावांची यादी दिली होती. यातली आपण किती वाचता, असं विचारल्यावर त्यांना मोबाइल वाजल्याचा भास झाला. समितीची बैठक सुरू झाली आणि एका सहीसाठी आलेले लेखापाल खुर्ची ओढून बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कधीच बोलावत नाही.

त्यांनी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’चा नमुना अंक उचलला, अंगठा जिभेला लावला आणि पानं मोजायला घेतली. वाचायला नव्हे, मोजायला.

“रिव्ह्यू म्हणजे परीक्षणं ना, मॅडम? ती फुकट मिळतात की.”

“नाही सर. १८९४पासून निघतंय हे, यात सिद्धान्तांवरचे लेख असतात. झालेल्या संशोधनाचा आढावा हवा तर ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’.”

“म्हणजे रिव्ह्यूतले रिव्ह्यू बुलेटिनमध्ये. मग बुलेटिनमधल्या सूचना कुठे?”

“सूचना नसतात.”

“आणि हे ‘ॲबनॉर्मल सायकॉलॉजी’?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभर नोंदी करणाऱ्या बाईला कुणी नाव विचारलं की राहवत नाही. १९०६मध्ये मॉर्टन प्रिन्स यांनी ते काढलं. पुढे नावात ‘सोशल’ शिरलं. १९६५मध्ये सोशलवाल्यांनी वेगळी चूल मांडली. २०२२मध्ये ‘ॲबनॉर्मल’ही गेलं आणि उरलं ‘जर्नल ऑफ सायकोपॅथॉलॉजी अँड क्लिनिकल सायन्स’. दर बारशाला माझी नवी नोंद आणि जुन्या नोंदीवर ‘तिकडे पाहा’. आणि हे प्रिन्स प्रसिद्ध कशासाठी, तर एकाच बाईत नांदणाऱ्या अनेक व्यक्तिमत्त्वांच्या अभ्यासासाठी!

एकटी मीच हसले.

“सारखं नाव बदलणाऱ्या पार्टीचं बिल मी पास करत नाही,” लेखापाल म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग अध्यक्षांना इम्पॅक्ट फॅक्टर आठवला. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो हा आकडा. उल्लेख करणार संशोधक. आमची पहिल्या वर्षाची मुलं नव्हेत. त्यांना हवं कळेल असं काही. आणि नावाजलेल्या नियतकालिकांचं म्हणाल, तर त्यांतलेच १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा अहवाल २०१५मध्ये आला. जेमतेम ३६ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीच्या कसोटीला उतरला. हे मी सांगितलं. “मग घ्यायचीच कशाला?” असा प्रश्न आला, कुणाकडून ते सांगायला नको.

शेवटी नेहमीचंच : ऑनलाइन पॅकेज घ्या. त्यात बऱ्याचदा ताजं वर्ष कुलूपबंद, आणि वर्गणी थांबली की जुनंही जातं. छापील अंक निदान कपाटात धूळ खात तरी राहतो. मुलं काउंटरवर मोबाइल धरून विचारतात, “सारांश दिसतोय, लेख कुठाय?” हे ऐकायला समिती नसते. मी असते.

आज सकाळी लेखी विचारणा आली : “ॲबनॉर्मल नियतकालिक नेमके कोणासाठी हवे आहे, त्यांची नावे कळवावीत.”

यादी करायला बसले आहे. पहिल्या नावाला विचार करावा लागला नाही.