‘फाटकावर चूक गाडीवाल्याचीच’ म्हणे!

उसाचा हंगाम लागला की आमच्या सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक तात्यांकडून, म्हणजे माझ्या चुलत्यांकडून. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हे खरं हाय काय रं?’

मेसेज असा: ‘रेल्वे फाटकावर अपघात झाला तर कायद्याने चूक नेहमी गाडीवाल्याचीच धरतात. रुळावर पहिला हक्क रेल्वेचा. फाटक उघडं होतं की बंद, याने फरक पडत नाही. गाडीतल्या माणसांना एक रुपया मिळत नाही, कारण त्यांच्याकडे रेल्वेचं तिकीट नसतं. रेल्वेवर केस होत नाही. सर्वांना पाठवा.’

तात्यांचा प्रश्न रिकामटेकडा नव्हता. भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी हा सगळा पट्टा उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेला ट्रॅक्टर, टेपवर मोठ्यांदा गाणी, रिकाम्या ट्रॉलीत बसलेली तोडकऱ्यांची बायका-पोरं. आता बऱ्याच ठिकाणी रुळांखालून बोगदे झालेत, पण ट्रॅक्टरवाला जवळची वाट सोडत नाही. मी मोटार अपघाताचे दावे चालवतो, त्यामुळे तात्यांना ‘नाही’ एवढंच लिहून भागेना.

आधी मेसेजमध्ये खरं आहे ते. रुळावर पहिला हक्क रेल्वेचा, यात वाद नाही. शंभरच्या वेगातली एक्स्प्रेस ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत साधारण किलोमीटरभर पुढे जाते आणि लोको पायलटला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याला, काही स्टिअरिंग नसतं. म्हणून कायदा रस्त्यावरच्या माणसाला कडक आहे. रेल्वे कायदा 1989, कलम 160: बंद फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच. कलम 161: बिनगेटमनच्या फाटकावर न थांबता, न बघता गाडी घातली तर एक वर्षापर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 तर सांगतं की अशा फाटकावर गाडी थांबवायची, क्लीनर किंवा दुसऱ्या कुणी उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना बघायचं आणि मग गाडी पार करून द्यायची. दुसरं कुणी नसेल तर खुद्द ड्रायव्हरने उतरायचं. किती जण हे करतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं जानेवारी 2019 अखेर संपवली गेली, त्यामुळे आपल्या पुणे-मिरज मार्गावर आता प्रश्न उरतो तो गेटमन असलेल्या फाटकाचा.

आणि तिथेच मेसेज घसरतो. ‘उघडं की बंद, फरक पडत नाही’ म्हणे! अहो, सगळा फरक तिथेच पडतो. 1874 साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने वॅनलेस खटल्यात ठरवलं की फाटक उघडं ठेवणं म्हणजे ‘लाइन मोकळी आहे, या’ असं लोकांना सांगणंच. गेटमन पगारी नेमायचा, फाटक उघडं ठेवायचं आणि अपघात झाला की ‘तुम्ही बघायला हवं होतं’ म्हणायचं, हे चालत नाही. ड्रायव्हर कानात हेडफोन घालून चालला असेल तर त्याचाही वाटा निघेल. पण वाटा निघणं वेगळं आणि सगळी चूक त्याच्या गळ्यात मारणं वेगळं.

मग फाटक उघडं होतं की नव्हतं हे ठरवायचं कसं? गेटमन म्हणतो बंद होतं, ट्रॅक्टरवाला म्हणतो उघडं होतं. इथे फाटकाची जात बघावी लागते.

एक जात इंटरलॉक केलेली. तिथे फाटक पडून त्याला कुलूप लागल्याशिवाय रेल्वेगाडीचा सिग्नल लाल सोडून दुसरा रंग दाखवतच नाही. म्हणजे यंत्रणा धड असेल तर हिशोब सोपा: सिग्नल हिरवा होता तर फाटक बंद होतं, गाडीवाला तोडून आत आला. फाटक उघडं होतं तर सिग्नल लाल होता, मग गाडी पुढे आली कशी, याचं उत्तर लोको पायलटने द्यायचं. तिथेही एक मेख आहे. ज्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोलात काळा ‘जी’ असतो, तो लाल असला तरी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून लोको पायलट जपून फाटकापर्यंत गाडी नेऊ शकतो. त्यामुळे ‘लाल असताना आला’ एवढ्यावर वकिलाने उड्या मारू नयेत. मी एकदा मारली होती, जज्जसाहेबांनी शांतपणे खाली बसवलं.

दुसरी जात टेलिफोनवरची. गेटमनच्या केबिनमध्ये कधी डोकावलात? टेबलावर फोन, भिंतीवर हिरवी-लाल झेंडी, खिळ्याला कंदील आणि एक जाड रजिस्टर. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोन करतो. गेटमनने फाटक पाडायचं, कुलूप लावायचं आणि मग फाटक बंद झाल्याची खूण म्हणून त्याच्याकडच्या कागदावरचा पुढचा ‘प्रायव्हेट नंबर’ मास्तरला द्यायचा. तो आकडा दोन्हीकडच्या रजिस्टरांत वेळेसकट चढतो. आता गेटमनने फाटक न पाडताच नंबर दिला तर? कागदावर फाटक बंद, रस्त्यावर उघडं, आणि हिरव्या सिग्नलवर बिनधास्त येणाऱ्या लोको पायलटचा काडीचा दोष नाही. (तरी लोक आधी धरतात त्याच बिचाऱ्याला.)

8 जुलै 2025 ला तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या अशाच फाटकावर पॅसेंजरने शाळेची व्हॅन उडवली, तीन मुलं गेली. रेल्वेचं पहिलं निवेदन आलं की व्हॅनवाल्यानेच जाऊ द्या म्हणून हट्ट धरला. व्हॅनवाला म्हणाला, फाटक उघडंच होतं. अटक झाली ती गेटमनला. पहिल्या दिवशीचं निवेदन म्हणजे निकाल नव्हे, एवढं तरी मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

म्हणून अशा दाव्यात मी आधी पंचनाम्यातला फाटकाचा दांडा शोधतो. दांडा मोडलाय का, मोडला तर कुठल्या बाजूला पडलाय, त्यावर गाडीचा रंग लागलाय का. मोडून रुळाच्या बाजूला पडलेला दांडा ट्रॅक्टरवाल्याविरुद्ध बोलतो. धड उभा दांडा रेल्वेविरुद्ध. गर्दी जमते, क्रेन येते आणि तासाभरात कुणीतरी तो दांडा उचलून बाजूला टाकतं. गावातल्या एखाद्या पोराने मोबाइलवर आधीच काढलेला फोटो तेव्हा दहा साक्षीदारांना भारी पडतो.

आता तिकिटाचं. तिकीट लागतं ते रेल्वे दावे न्यायाधिकरणात, कारण तिथे रेल्वेच्या प्रवाशांची प्रकरणं चालतात. ट्रॅक्टरमधला माणूस तिथे जातच नाही. तो जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा कोर्टात, आणि तिथे रेल्वेलाही प्रतिवादी करता येतं. केरळात 1979 मध्ये बिनगेटमनच्या फाटकावर एक्स्प्रेसने भाड्याच्या गाडीला धडक दिली, चाळीस प्रवासी गेले. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1997 साली दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, या न्यायाधिकरणात रेल्वेवर दावा चालतो. दोन, ड्रायव्हरची चूक त्याच्या गाडीतल्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. सरकारने फाटक बसवायचा हुकूम दिला नव्हता म्हणून आमची जबाबदारी नाही, हा रेल्वेचा बचावही कोर्टाने मानला नाही. 2002 साली भगवती प्रसाद प्रकरणात आणखी पुढे: शेवटी एकट्या रेल्वेचीच चूक निघाली तरी न्यायाधिकरणाचा अधिकार जात नाही.

तात्यांना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी नेमकं दुखणं पकडलं: ‘आरं पण ट्रॉलीत बसलेल्याला विमा तरी कुठं देतंय?’

खरं आहे. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवली की विमा कंपनी हात वर करते आणि पुष्कळदा कोर्ट तिचं ऐकतं. म्हणूनच रेल्वेचा वाटा निघतो की नाही, हे ट्रॉलीतल्या बाईच्या दृष्टीने फार मोलाचं. समजा नुकसानभरपाई 20 लाख ठरली आणि चूक ट्रॅक्टरवाल्याची 60 टक्के, रेल्वेची 40 टक्के निघाली. ट्रॅक्टरवाला मेला असेल तर त्याच्या वारसांना रेल्वेकडून 8 लाखच मिळतील, त्याची स्वतःची चूक वजा होऊन. ट्रॉलीतल्या बाईची चूक शून्य, तिचं काही वजा होत नाही. दोघांच्या चुकीने तिसऱ्याचं नुकसान झालं तर पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तिने 20 लाख रेल्वेकडून घ्यावेत, ट्रॅक्टरमालकाकडून 12 लाख काढायचे ते रेल्वेने बघावं.

फौजदारीचं थोडक्यात. गेटमन किंवा ड्रायव्हर निष्काळजीपणाच्या गुन्ह्यातून सुटला म्हणून दावा बुडत नाही. तिथे संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो, दाव्यात मात्र कुणाचं पारडं जड एवढंच बघतात. मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात (गंमत म्हणजे हे खातं विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं), पण तिथे दिलेले जबाब कोर्टात त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाहीत. तेव्हा त्या अहवालाची वाट बघत बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तोडकरी कुटुंब दिवस घालून बीडला परत जातं आणि इकडे त्यातले दोन महिने सरलेले असतात. गेटचं आणि स्टेशनचं रजिस्टर, इंजिनातला वेगाचा रेकॉर्ड, फोनचं रेकॉर्डिंग असेल तर तेही, हे सगळं जपून ठेवा म्हणून रेल्वेला लेखी पत्र पहिल्याच आठवड्यात गेलं पाहिजे, आणि पोचेची पावती फाइलला लागली पाहिजे.