घड्याळ आणि धागा

मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने जायला किती वेळ लागतो, हे सांगणाऱ्या एका लेखात या दोन शहरांतलं अंतर साधारण 12,500 किलोमीटर धरून, त्याला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागून ‘सुमारे 14 तास’ असं उत्तर काढलंय. अंतर बरोबर आहे, पण हे 14 तास प्रामुख्याने परतीच्या प्रवासाला लागू पडतात. जाताना 16 तास लागू शकतात. कारण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात तर त्यांचा जोर आणखी वाढतो.

अंतराबद्दलही एक सांगते. ठाण्यात घरी नातीच्या पृथ्वीगोलावर आम्ही मुंबई ते न्यूयॉर्क शिवणाचा धागा ताणून धरला. नकाशात बघून वाटतं की विमान अरबस्तान, युरोप करत सरळ पश्चिमेला जात असेल. धागा मात्र रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून गेला! नात बघतच राहिली. सर्वांत जवळचा रस्ता तोच. प्रत्यक्षात विमानांना कुठली हवाई हद्द बंद असेल तर वळसा घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो.

आणि कृपया तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. रात्री 2 ला निघालेलं विमान तिथे सकाळी साडेसातला उतरलं, तर तो प्रवास साडेपाच नव्हे, 16 तासांचा असतो. माझ्या आईने पहिल्यांदा एकटीने जाताना साडेपाच तासांचा हाच चुकीचा हिशेब धरून मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीऐवजी मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री बॅग पुन्हा उघडली म्हणून लक्षात आलं.